साडेसातशे वॉटचं वजन

"ताईंसाठी हे बघा," शीतलशेठ म्हणाला आणि त्याने काउंटरवर एक गुलाबी हेडफोन ठेवला. हेडफोनला मांजराचे कान होते. कानांत लाईट लागत होते.

मी हेडफोनकडे बघितलं. मग शीतलशेठकडे बघितलं. माझ्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, चार ठिकाणी खाडाखोड केलेलं, सात महिन्यांचं काम.

"मला हेडफोन नकोय," मी म्हणाले. "मला कॉम्प्युटर पाहिजे."

"हो हो, तेच दादांशी बोलतोय ना मी. तोवर तुम्ही हे बघा. मुलींना लय आवडतंय हे."

दादा म्हणजे सुयोगदादा, माझा चुलतभाऊ. तो कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडताना त्याला घरात कुणीच कधी बघितलं नव्हतं. पण इंजिनिअरिंग ते इंजिनिअरिंग. पप्पांनी सकाळी त्याला फोन करून "तेवढं बघायला ये की रे" म्हटलं आणि तो गॉगल लावून आला.

तेव्हा मी आठवीत होते. आता दहावीत आहे, आणि अजूनही तो गुलाबी रंग दिसला की माझं डोकं तापतं.

आम्ही हुपरीचे. पप्पा चांदीचे पैंजण करतात. म्हणजे जिनाप्पाकाका चांदीची लगड आणून देतात, पप्पा तिचे पैंजण करून वजनाला वजन परत देतात आणि मजुरी घेतात. वीस वर्षं असंच चाललंय. शीतलशेठ हा जिनाप्पाकाकांचा जावई आणि कोल्हापुरात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही, फुकटची जाहिरात कशाला. त्यामुळे कॉम्प्युटर कुठून घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. काय घ्यायचं हा होता, आणि त्याचं उत्तर माझ्या पानावर होतं.

पप्पांची अट एकच होती. "एकदाच घेणार. बिघडला, जळला, काय झालं, तर परत घरात कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही."

"नाही बिघडणार," मी म्हणाले होते. मला खात्री होती. मी प्रत्येक भाग दहा-दहा ठिकाणी वाचून, माणसं तो खोलून दाखवतात ते व्हिडिओ बघून निवडला होता. मला गेम खेळायचे होते, आणि ते कसे खेळायचे हे नव्हे, तर ते कशावर चालतात हे मला आधी समजून घ्यायचं होतं. मी तशीच आहे. पैंजणाची कडी कशी वळते हे बघितल्याशिवाय मी लहानपणी पैंजणसुद्धा घालून घ्यायची नाही म्हणे.

"शेठ, कॅबिनेट ते काचेचं दाखवा," दादा म्हणाला. "सहा पंख्यांचं. रंग बदलणारं."

"दादा, यादीत साधं कॅबिनेट आहे. जाळीचं. हवा खेळती राहते."

"अगं, गेमिंगचा पीसी दिसायला पण गेमिंगचा पाहिजे की."

"दिसायला? मी त्याच्याशी लग्न करणार आहे का?"

पप्पा मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, हातात शेठने दिलेली थंड्याची बाटली. "त्रिशला," ते म्हणाले. एवढंच. आमच्याकडे नुसतं पूर्ण नाव घेतलं की समजायचं.

मी आवाज खाली आणला. यादी मात्र खाली ठेवली नाही. खरं सांगते, त्या दिवशी मी भारी लढले. कॅबिनेट जाळीचंच घेतलं. ग्राफिक्स कार्ड शेठ मागच्या पिढीचं काढत होता, "हे पण तसंच आहे" म्हणून, मी त्याला दोन्हीतला फरक तिथल्या तिथं सांगितला, तेव्हा तो माझ्याऐवजी दादाकडे बघून म्हणाला, "हुशार आहे हो तुमची बहीण." माऊस त्याने दादाच्या हातात दिला. दादाने तो मुठीत धरून "मस्त बसतोय" म्हटलं.

"कुणाच्या हातात?" मी विचारलं.

"अं?"

"मस्त बसतोय, पण कुणाच्या हातात? तू येणार आहेस का रोज माझ्या घरी क्लिक करायला?"

दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. दादाने माऊस खाली ठेवला. मी माझ्या पंजाएवढा छोटा, हलका माऊस घेतला. कीबोर्डही माझ्या मनासारखा. माझे कान गरम झाले होते आणि मी जिंकत होते.

मग आला एसएमपीएस.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमध्ये बसणारा लोखंडी डबा. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येक भागाला लागेल तेवढीच पोचवायची, हे त्याचं काम. त्याला ना रंग, ना लाईट, कुणी तो मित्रांना दाखवत नाही. पण तो वाईट निघाला तर एकटा मरत नाही. म्हणून माझ्या यादीत त्याच्याखाली लाल पेनाने दोन रेघा होत्या. साडेपाचशे वॉट, चांगल्या कंपनीचा, वीज वाया न घालवणाऱ्या डब्यांना मिळतं ते ब्रॉन्झचं प्रमाणपत्र असलेला.

"ब्रॉन्झ?" शीतलशेठ मोठ्याने म्हणाला, पप्पांना ऐकू जाईल असं. "काका, चांदीवाल्यांच्या घरात ब्रॉन्झ नेणार व्हय? हा घ्या. साडेसातशे वॉट. इम्पोर्टेड. आणि हे वाचा, काय लिहिलंय? गोल्ड."

काळ्या डब्यावर सोनेरी अक्षरांत खरंच तसं लिहिलं होतं. कंपनीचं नाव मी सात महिन्यांत एकदाही वाचलं नव्हतं.

"हे स्टिकर कुणीही चिकटवतं," मी म्हणाले.

"म्हणजे मी फसवतोय म्हणता?" शेठ हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "काका, घरचं माणूस म्हणून देतोय. दोनशे वॉट जादा आहे, किंमत तीच."

"आयला, दोनशे जादा," दादा म्हणाला. "पुढं कार्ड बदललं तरी चालतंय."

आणि तेव्हा पप्पा खुर्चीतून उठले. अख्ख्या दुपारभर न उठलेले पप्पा. त्यांनी बाटली काउंटरवर ठेवली, हात पँटला पुसले, शेठने काढून ठेवलेला माझ्या यादीतला डबा डाव्या तळहातावर घेतला, शेठचा उजव्या तळहातावर आणि डोळे मिटले. दोन्ही हात किंचित वर, किंचित खाली. घरी लगड आली की ते असंच करतात. काट्यावर ठेवायच्या आधी वजन सांगतात आणि पाच-दहा ग्रॅमच्या वर कधी चुकत नाहीत. अख्ख्या गल्लीत त्यांच्या हाताचं नाव आहे.

"हा दीड किलो," ते म्हणाले. "हा पावणेदोनच्या वर. यात माल आहे."

"बघा!" शेठ म्हणाला. "याला म्हणतात पारखी."

"पप्पा, ते तसं नसतं."

"कसं नसतं?"

"नुसत्या वजनावर नसतं."

"चौदा वर्षं जे खातीस ते वजनावरच येतंय," पप्पा म्हणाले. दुकानातलं ते गिऱ्हाईक पुन्हा हसलं. या वेळी माझ्यावर.

दादाही हसला. शेठने गोल्डचा डबा खोक्यात टाकला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं ते मी पुढे सांगेन, कारण तेव्हा मलाही ते मान्य करायचं नव्हतं.

कॉम्प्युटर घरी आला. मी तो स्वतः जोडला, सगळी वायरिंग मागून नेली, आणि बटण दाबल्यावर तो सुरू झाला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू लाटणं घेऊन आल्या. आठ दिवस मी जगातली सगळ्यात सुखी मुलगी होते.

नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, शर्यतीच्या एका गेममध्ये मी तिसऱ्या नंबरवर होते. टप्प असा आवाज आला. स्क्रीन काळी. मग वास. आमच्या घरात जळण्याचे सगळे वास मला ओळखू येतात, कड्यांना डाग देऊन सांधतानाचा टाकणखार, गॅस, तापलेली चांदी. हा त्यांतला नव्हता. हा खवट होता, मासा आणि प्लॅस्टिक एकत्र जळल्यासारखा.

आईने येऊन आधी खिडकी उघडली आणि मग डोक्याला हात लावला. "जाळलास का गं?"

जाळलास. म्हणजे मी.

पप्पांनी फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून शीतलशेठचा आवाज आला, अगदी गोड. "काका, काय चालू होतं त्या वेळी?"

"गेम खेळत होती."

"तरीच. गेमिंगचा लोड येतो ना त्याच्यावर. मग वॉरंटीत बसत नाही ते."

मी फोनवर जवळजवळ पडलेच. "गेमिंगचाच कॉम्प्युटर आहे तो! गेमिंगसाठीच घेतला होता! तुम्हीच म्हणालात साडेसातशे वॉट! माझं कार्ड त्याच्या निम्मंसुद्धा खात नाही!"

"काका, ताईंना जरा शांत करा."

पप्पांनी मला हाताने मागे सारलं आणि म्हणाले, "बरं. बरं. असू दे, जावईबापू." आणि फोन ठेवला. असू दे! शिवी दिल्यासारखं ते मला लागलं. शिवीसुद्धा मी चालवून घेतली असती.

"पप्पा, तो डबा खोटा आहे."

"तू गप्प बस."

"मी यादीत दुसरा लिहिला होता."

"एकदाच म्हटलं होतं ना मी?" ते म्हणाले. "झालं. विषय संपला. शनिवारी सुयोग येईल, त्याच्या प्रोजेक्टला काय उपयोगी पडतंय ते घेऊन जाईल."

मी ओरडले नाही. सात महिने, आठ दिवस, आणि आता माझा छोटा माऊस दादाच्या त्या राक्षसी हातात.

मी घरात बोलणं बंद केलं. आईशी, पप्पांशी, सगळ्यांशी. वाढलेलं जेवायचं, ताट घासायचं, खोलीत जायचं. आई म्हणाली, "एवढा राग बरा नव्हे मुलीच्या जातीला." मी तिच्याशीही बोलत नव्हते, नाहीतर तिला बरंच काही ऐकायला मिळालं असतं. शाळेत मैत्रिणींनी विचारलं, "तुझा पीसी गेला म्हणे?" बातमी दादानेच पसरवली होती, शेवटी एक वाक्य जोडून: "तरी मी सांगत होतो, पोरींना झेपत नाही." ज्याने कॅबिनेटला काच मागितली होती, त्याने!

एसएमपीएस उघडायचा नसतो. वायर काढली तरी त्यात वीज साठून राहते, माणसाला धक्का बसतो. हे मला माहीत होतं, म्हणून रविवारीच तो सुटा करून मी माळ्यावर ठेवला आणि ती वीज उतरायची वाट बघत बसले. गुरुवारी शाळेतून आल्यावर पप्पांचे रबरी हातमोजे घातले, चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत बघितलं आणि आधी मला काही कळेचना. व्हिडिओत उघडलेले डबे खच्चून भरलेले असतात, एक बोट आत शिरत नाही. इथे निम्मा डबा मोकळा. एक हिरवी पाटी, तिच्यावर आवळ्याएवढा ट्रान्सफॉर्मर आणि फुगून फुटलेली दोन नळकांडी. आणि तळाला, पांढऱ्या गोंदाच्या दोन जाड रेघांनी चिकटवलेली, एक लोखंडाची पट्टी. तिला एकही वायर जोडलेली नव्हती. ती काहीच करत नव्हती. ती फक्त होती.

मी तिला स्क्रूड्रायव्हरने उचकटलं.

आता सांगते, दुकानात मी तोंड का मिटलं ते. आमच्याकडे बाहेरचा माणूस लगड घेऊन आला तर पप्पा हाताने वजन घेतात, काट्यावर घालतात आणि तरीही छिन्नी मारतात. कारण वर चांदी आणि आत दुसरंच काही असलं तरी वजन भरतं. लगडीचा कोपरा कापून आतला रंग बघितल्याशिवाय ती घ्यायची नाही. फक्त घरच्या माणसाच्या लगडीला छिन्नी लावायची नाही, तो अपमान असतो. जिनाप्पाकाकांच्या लगडीला आमच्याकडे कधीच छिन्नी लागली नव्हती. आणि दुकानात पप्पांनी दोन्ही डबे तळहातांवर घेतले तेव्हाच माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं: पप्पा, कापल्याशिवाय कशाला घेताय? एवढं एकच वाक्य. ते त्यांना शंभर टक्के कळलं असतं. पण चांगला डबा जड असतो हे मीही वाचलं होतं, आणि पप्पांचा हात कधी चुकत नाही हे लहानपणापासून बघितलं होतं, आणि सगळे हसत होते. मला वाटलं, असेलही. मी माझ्या लाल रेघांवरचा विश्वास सोडला. चार दिवस मी सगळ्यांवर भडकले होते, त्यात सगळ्यात जास्त माझ्यावर, आणि ते मला गुरुवारी कळलं, हातात लोखंड धरून.

पप्पा पुढच्या खोलीत ऐरणीपाशी बसून कड्या जोडत होते. मी गेले आणि काही न बोलता ती पट्टी त्यांच्या काट्यावर ठेवली. काट्यावर आकडे आले. आठशे बेचाळीस.

त्यांनी गॅस बारीक केला. "काय आहे?"

"गोल्ड."

"नीट बोल."

"गोल्डमधलं आहे. साडेसातशे वॉटमधलं. तुम्ही म्हणालात ना, यात माल आहे? हा माल."

पप्पांच्या टेबलावर एक लोहचुंबक असतो. चांदीच्या भुशात कानशीचे लोखंडी कण पडतात, ते वेचायला. त्यांनी तो उचलून पट्टीजवळ नेला. टक्. पट्टी चिकटली. त्यांनी ओढून काढली, उलटी केली, पुन्हा चुंबक लावला. टक्. एखादं पोर खेळतं तसं त्यांनी तीन-चार वेळा केलं.

"फोन लावा," मी म्हणाले.

त्यांनी चुंबक जागेवर ठेवला.

"पप्पा, फोन लावा त्यांना."

"जिनाप्पांचा जावई आहे तो," पप्पा हळू म्हणाले. "त्यांना काय सांगू? काम त्यांच्याकडनं येतंय आपल्याला."

"आणि मला काय सांगणार? चार दिवस सगळे म्हणताहेत त्रिशलाने जाळला. आई म्हणते, दादा म्हणतो, शाळेत म्हणतात. तुम्ही पण म्हणालात! त्या माणसाला 'असू दे' आणि मला 'गप्प बस'? मी सात महिने अभ्यास केला होता पप्पा! ज्याला पारखी म्हणतात ना, ती मीच होते तिथं! आणि तुम्ही डोळे मिटून वजन घेतलंत!"

माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. आई दारात येऊन उभी राहिली. पप्पांनी मान वर केली नाही. त्यांनी गॅस मोठा केला आणि कडी चिमट्यात धरली. मी पट्टी तिथंच टाकून आत गेले आणि दार असं आपटलं की कॅलेंडर पडलं.

शुक्रवारी पट्टी काट्याशेजारी तशीच होती.

शनिवारी सकाळी सुयोगदादा मोकळं पोतं घेऊन आला, भाग न्यायला. आणि त्याच्या पाठोपाठ जिनाप्पाकाका आले, महिन्याची लगड घेऊन. नेहमीसारखे हसत, पायरीवरूनच "वहिनी, चहा टाका" म्हणत. मी आतल्या दारात उभी होते, कॉम्प्युटरला हात लावायला आलेल्या कुणालाही चावायच्या तयारीत.

काकांनी फडक्यातून लगड काढली आणि पप्पांच्या हातात दिली. पप्पांनी तळहातावर घेतली. डोळे मिटले. हात किंचित वर गेला आणि तिथंच थांबला.

त्यांनी डोळे उघडले. "त्रिशला," ते म्हणाले. पूर्ण नाव. "छिन्नी आण."

काकांचा हात फडकं आवरता आवरता थांबला. "छिन्नी? कशाला रे?"

"बघू या."

"बघू या म्हणजे? वीस वर्षांत माझ्या लगडीला तुझ्या घरात छिन्नी लागली नाही."

"लागली नाही," पप्पा म्हणाले. त्यांनी काट्याशेजारची पट्टी उचलून काकांच्या पुढ्यात ठेवली. "ही शीतलरावांच्या दुकानातली. कॉम्प्युटरच्या डब्यात घालून दिली वजनाला. घरचं माणूस म्हणून मी हातावर घेतला, उघडायला लावला नाही. नऊ दिवसांत जळला."

काकांनी पट्टी उचलली. गोंदाची रेघ नखाने खरवडली. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, आधी कान, मग मान. "कॉम्प्युटर कुणाचा?" त्यांनी विचारलं आणि सवयीने सुयोगदादाकडे बघितलं.

"त्याचा नाही," पप्पा म्हणाले. "तिचा. यादी तिनं केली होती. बरोबर केली होती. सुयोग, ते पोतं घरी घेऊन जा."

दादाने पोत्याची घडी घातली. ती घडी त्याला इतकी लहान करता येईल असं मला वाटलं नव्हतं.

मी छिन्नी आणि हातोडा आणला. पप्पांनी लगड ऐरणीवर ठेवली. काका उठले नाहीत, फक्त बघत राहिले. बाहेरच्यांच्या लगडीला पप्पा नेहमी कोपऱ्यात छिन्नी मारतात, तिथं मारली की लगड कमी खराब होते म्हणून, पण मधलं दिसत नाही. त्यांनी छिन्नी कोपऱ्यावर टेकवली. मग उचलली आणि माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, समजूत काढायला नाही. गिऱ्हाईक पारख्याला विचारतं तसं.

"कुठं मारू?"

"मधोमध," मी म्हणाले.